चालू भाडेकरार नसलेल्या भाडेकरूंचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, समाज कल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. शिक्षण संचालक (प्राथमिक), महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. अन्नधान्य वितरण अधिकारी, पुणे

विषय: शासकीय योजनांसाठी भाड्याचा व वास्तव्याचा पुरावा देताना चालू नोंदणीकृत भाडेकराराखेरीज इतर पुरावेही ग्राह्य धरण्याबाबत.

महोदय / महोदया,

मांजरी बुद्रुक, महादेवनगर, गोपाळपट्टी आणि रेल्वेलाइनच्या अलीकडे-पलीकडे वाढलेल्या वस्त्यांमध्ये भाड्याने राहणाऱ्यांची ही संघटना आहे. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार, मगरपट्ट्यात घरकाम आणि हाउसकीपिंग करणाऱ्या बायका, उपबाजारात भल्या पहाटे भाजी उतरवणारे हमाल आणि लातूर, नांदेड, बीड, परभणीकडून शिकायला आलेली मुले-मुली, असे आम्ही सगळे. बाहेरच्या माणसाला मांजरी म्हटले की वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, द्राक्ष संशोधन केंद्र नाहीतर सीरमचा कारखाना आठवतो. या मोठ्या फाटकांच्या मागे ऊस आणि भाजीपाल्याच्या रानात गुंठ्या-गुंठ्यावर ज्या दोन-तीन मजली चाळी उभ्या राहिल्या, तिथे आम्ही राहतो. भाडे आम्ही सगळेच भरतो, बहुतेक जण महिन्याच्या पाच तारखेच्या आत. चालू, नोंदणीकृत भाडेकरार मात्र आमच्यातल्या फार थोड्यांकडे आहे.

एवढ्या एका कागदावाचून काय-काय अडते आणि ते अडू नये यासाठी काय करता येईल, हे सांगायला हे मागणीपत्र आहे. यात कुणा एका कार्यालयावर किंवा कर्मचाऱ्यावर ठपका नाही. खिडकीमागचा माणूस त्याच्यापुढच्या यादीत जे छापले आहे तेच मागतो. आमचे भांडण त्या यादीशी आहे.

सगळ्यात आधी विद्यार्थ्यांचा प्रश्न. भाड्याच्या पैशाचा थेट हिशेब असलेला शासकीय लाभ त्यांच्याच वाट्याला येतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे एकूण ६०,००० रुपये खात्यात जमा होतात. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजनांमागचा विचार आम्हाला मनापासून पटतो. वसतिगृहाच्या खाटा वाढायला वर्षे लागतात, मुलाचे शिक्षण तोवर थांबत नाही, तेव्हा त्याने बाहेर खोली घ्यावी आणि सरकारने खर्चाला हातभार लावावा. म्हणजे या मुलाने भाड्याच्या खोलीत राहणे हे योजनेतच गृहीत आहे. असे असूनही अर्जाला पुरावा जोडायची वेळ येते तेव्हा चालू भाडेकरार नसलेला मुलगा जणू कुठेच राहत नाही असे धरले जाते.

हडपसरच्या कॉलेजात जाणारी चार मुले मांजरीत एक खोली घेतात. भाडे ८,०००, अनामत २०,०००. मालक करार करायला तयार झालाच, तर तो एकाच मुलाच्या नावावर होतो, कारण चौघांचे अंगठे आणि फोटो जुळवत बसायला कुणालाच वेळ नसतो. दर महिन्याच्या तीन तारखेला उरलेले तिघे त्या एकाच्या फोनवर दोन-दोन हजार पाठवतात आणि चार तारखेला तो मालकाच्या मुलाला ८,००० पाठवतो. बँकेच्या उताऱ्यावर ही साखळी स्वच्छ दिसते: तीन जमा, एक नावे, महिन्यामागून महिना. आता चौघांनीही अर्ज केला तर करारावर नाव असलेल्या एकाचा अर्ज पुढे सरकतो आणि तिघांचा 'त्रुटी'त जातो. अकरा महिन्यांनी कराराची मुदत संपते, मालक तोंडी 'राहा पोरांनो, पाचशे वाढवून द्या' म्हणतो आणि मग चौथाही त्रुटीत जातो. खोली तीच, मुले तीच, मालक तोच, भाडे पाचशेने वाढलेले. आणि नेमके या वाढलेल्या भाड्याच्या वर्षी मुलांना भाडे सिद्ध करता येत नाही.

मालक करार का करत नाहीत, हेही सांगायला हवे. ते सगळे लबाड असतात असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याकडची बरीच घरे गुंठेवारीतली. सातबाऱ्यावर एकाच गटात वीस-पंचवीस नावे, बांधकामाला परवानगी नाही, वीजबिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर. असा मालक 'कागदपत्रे द्या' म्हटले की दचकतो. दुसरे कारण मिळकतकराचे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. ती मधली काही वर्षे गेली होती, २०२३ मध्ये परत आली आणि तिच्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागला. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे असा नोंदणीकृत कागद झाला तर सवलत जाईल, ही धास्ती घरोघर आहे. तिसरे कारण जुनेच: भाडेकरूला कागद दिला की तो घरावर हक्क सांगेल. हा समज तर साफ उलटा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीच्या लेखी परवाना-कराराने ('लीव्ह अँड लायसन्स') मालकाचाच हात बळकट होतो. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण पारावर बसून हे समजावण्याचे काम आजवर कुठल्याच कार्यालयाने केलेले नाही. चौथे कारण साधे आणि हताश करणारे. ऑनलाइन नोंदणीला आधारवरचा अंगठा जुळावा लागतो, आणि जन्मभर शेतात खुरपणी केलेल्या आमच्या कित्येक घरमालकिणींचे ठसे यंत्रावर उमटतच नाहीत.

खर्चाचेही पाहू. वरच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार करायचा तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे दोनशे-तीनशे रुपये. हे काही फार नाही. पण नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० रुपये आहे, ग्रामीण भागात ५००. मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ ला इतर गावांबरोबर पुणे महापालिकेत गेली. नदीपलीकडची मांजरी खुर्द बाहेर राहिली. त्यामुळे पूल ओलांडला की तोच कागद निम्म्या शुल्कात होतो. वर एजंटची फी, ती तो माणूस पाहून सांगतो. ही सगळी रक्कम, रिवाजाप्रमाणे, भाडेकरूच्या माथी. महिन्याला दोन हजार भाड्याचा वाटा भरणाऱ्या मुलासाठी हा खर्च जवळजवळ एका महिन्याच्या भाड्याइतका होतो आणि तो दर अकरा महिन्यांनी नव्याने करायचा. अकरा महिनेच का, हे विचारले तर कुणालाच नीट सांगता येत नाही. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, ही १९०८ च्या नोंदणी कायद्यातली सवय लोकांच्या अंगात मुरली आहे. महाराष्ट्रात मात्र ती पळवाट भाडे नियंत्रण कायद्याने केव्हाच बुजवली: करार अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा, नोंदणी सक्तीचीच. पळवाट बंद झाली तरी लोक अजून त्याच वाटेने चालतात आणि तिचा खर्च भरतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आमच्या मागणीचा सगळा भार त्यावर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याच कलमात पुढे म्हटले आहे की लेखी नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरायचे, उलट सिद्ध होईपर्यंत. कलम २६ प्रमाणे भाडे घेतले की लेखी पावती देणे मालकाला बंधनकारक आहे, आणि न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणजे करार नसल्याचा दोष कुणाचा आणि शंकेचा फायदा कुणाला, या दोन्ही गोष्टी विधिमंडळाने २५ वर्षांहून अधिक काळापूर्वी ठरवून टाकल्या. आमच्या माहितीत मांजरीत कलम ५५ खाली कैदेत गेलेला मालक एकही नाही, आणि तो जावा अशी आमची इच्छाही नाही. पण त्याच कागदाच्या अभावी लाभ गमावलेली मुले मात्र चाळीचाळीत सापडतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कुणी म्हणेल, कलम ५५ मालक-भाडेकरू वादासाठी आहे, समाज कल्याण विभागाला ते लागू होत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. आमचे म्हणणे एवढेच की ज्या राज्याचे न्यायालय करार नसताना भाडेकरूचा शब्द आधी ऐकते, त्याच राज्याचे लाभ देणारे खाते तो शब्द ऐकूनच घेत नाही, हे विसंगत आहे.

मुदत संपलेल्या कराराचेही तसेच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ११६ सांगते की भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर भाडेकरू जागेत राहिला आणि मालकाने भाडे घेतले, तर भाडेपट्टा पुढे चालू राहतो. आमच्याकडचे करार बहुतेक 'लीव्ह अँड लायसन्स' असतात आणि त्यांना हे कलम जसेच्या तसे लागत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. पण त्यामागचे शहाणपण लागू पडायला काय हरकत आहे? इंग्लंडमध्ये १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने हेच ठरवले: ठरावीक मुदत संपली आणि भाडेकरू तिथेच राहिला तर भाडेकरार बहुधा महिन्यामहिन्याने पुढे चालत असे. त्यामुळे तिथल्या भाडेकरूला सरकारी मदत मागताना 'करार जुना आहे' एवढ्यावरून कुणी परत पाठवत नसे. शेवटी भाडे चालू आहे का, एवढाच प्रश्न उरे.

आणखी एक अडचण मांजरीची आणि आमच्याबरोबर २०२१ मध्ये महापालिकेत गेलेल्या गावांची. ग्रामपंचायत होती तोवर करार नसलेला माणूस ग्रामसेवकाकडे जाई, सरपंच ओळखीचे असत, शेजारचे दोघे सांगत, रहिवासी दाखला मिळे. जून २०२१ ला ग्रामपंचायत गेली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार होता. आधारवरचा पत्ता बदलायला ज्या विहित नमुन्यावर नगरसेवकाची सही चालते, तो नमुना हातात घेऊन आमचे लोक जवळजवळ चार वर्षे नसलेला नगरसेवक शोधत होते. आमदारांचे कार्यालय आहे, पण एका मतदारसंघाच्या दारात किती जणांनी रांग लावायची! आता नगरसेवक आले, दाखल्यांची गर्दी त्यांच्या दारात हलली. पण शासकीय लाभाचा पुरावा लोकप्रतिनिधीच्या मर्जीवर आणि निवडणुकीच्या तारखांवर टांगलेला असणे आम्हाला मुळातच मान्य नाही.

सरकारने हे कोडे इतरत्र सोडवलेले आहे, म्हणून आम्ही नवे काही मागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र पुरते. मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये पत्त्याचा एकही कागद नसेल तर अर्ज फेटाळत नाहीत, केंद्रस्तरीय अधिकारी घरी येऊन पाहून जातो. महाराष्ट्र शासनाने स्वतः ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने बऱ्याच ठिकाणी प्रतिज्ञापत्राची अट काढून साधे स्वयंघोषणापत्र आणले. गॅस मिळायला आणि मत द्यायला जो पुरावा चालतो, तो वीस हजारांच्या निवास भत्त्याला चालू नये असे कारण आम्हाला सापडलेले नाही.

यावरून आमच्या मागण्या.

पहिली आणि मुख्य. स्वाधार, स्वयम्, आधार आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांत निवासाचा पुरावा म्हणून चालू नोंदणीकृत करार हा अनेक पुराव्यांपैकी एक मानावा. तो नसल्यास विद्यार्थ्याचे स्वयंघोषणापत्र आणि पुढीलपैकी कोणतेही दोन पुरावे ग्राह्य धरावेत: गेल्या तीन महिन्यांचे भाडे यूपीआयने किंवा बँकेतून गेल्याचा उतारा; कलम २६ प्रमाणे मालकाची पावती, मग ती छापील असो की हाताने लिहिलेली; मालकाचे साध्या कागदावरचे पत्र आणि सोबत त्या घराच्या वीजबिलाची प्रत, बिल वारलेल्या माणसाच्या नावावर असले तरी; मुदत संपलेला करार; कॉलेजच्या प्राचार्यांचा स्थानिक पत्त्याचा दाखला; मालकाने पोलिसांना दिलेल्या भाडेकरूच्या माहितीची पोच; त्या पत्त्यावर आलेले टपाल. हाताने लिहिलेल्या पावतीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आमच्याकडे पावती म्हणजे मालकिणीच्या डायरीतले पान. तिथे 'खोली ४, पोरं, लाईटसह, मिळाले' असे लिहिलेले असते, खाली तारीख आणि वेलांटी न देता केलेली सही. वर्षभराच्या अशा बारा ओळी, निरनिराळ्या पेनांनी, निरनिराळ्या तारखांना लिहिलेल्या, हा पुरावा म्हणून नोटरीच्या ताज्या शिक्क्यापेक्षा जास्त विश्वासाचा आहे असे आमचे मत आहे. बनावट कागद एका बैठकीत तयार होतो आणि तसाच दिसतो.

दुसरी. करारावर एकाचे नाव आणि खोलीत चौघे, ही स्थिती अपवाद नाही, हाच नियम आहे. म्हणून ज्याच्या नावावर करार आहे त्याने सहनिवाशांची नावे लिहून सही दिली आणि आपापसातल्या पैशांची नोंद जोडली, तर चौघांचाही पुरावा पूर्ण समजावा. भाड्याची रक्कम चारने भागावी. चौघांनी चार स्वतंत्र करार आणावेत ही अपेक्षा एकाच खोलीच्या चार नोंदण्या मागण्यासारखी आहे, आणि कुठलाही मालक ती करणार नाही.

तिसरी. अर्ज भरताना करार चालू होता आणि वर्षाच्या मध्ये मुदत संपली, तर पुढचा हप्ता अडवू नये. भाडे जात असल्याची नोंद पुरे.

चौथी मागणी त्रुटीच्या पद्धतीबद्दल. अर्जात काय कमी आहे ते लेखी, मराठीत आणि एकदाच कळवावे. आज करार आणा, तो आणला की मालकाचे आधार आणा, ते आणले की लाइटबिल आणा, अशा फेऱ्यांत मांजरीहून येरवड्याकडे दोन-दोन बस बदलून जाणाऱ्या मुलांची कॉलेजातली हजेरी बुडते, आणि हजेरी कमी पडली की त्याच योजनेत ती दुसऱ्या नियमाने अडकतात. त्रुटी पूर्ण करायला किमान ३० दिवस द्यावेत आणि तोवर अर्ज प्रलंबित ठेवावा, बाद करू नये.

पाचवी. कागद अपुरे वाटले तर माणूस पाठवावा. मुलगा त्या खोलीत राहतो की नाही हे दहा मिनिटांत कळते: गादी आहे का, डबा आहे का, पुस्तके आहेत का, शेजारची काकू नाव सांगते का. मतदार नोंदणीसाठी घरोघर फिरण्याची व्यवस्था सरकारकडे आहे. महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय, कॉलेजचे समन्वयक किंवा तलाठी यांपैकी कुणालाही हे काम देता येईल. मागणी आल्यापासून १५ दिवसांत ही भेट व्हावी आणि ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करावी, म्हणजे मुदत पाळली नाही तर अपील करता येईल.

खोटे अर्ज वाढतील, ही शंका आम्ही ऐकली आहे, आणि ती निराधार नाही. पण नोंदणीकृत करार हा खोटेपणावर उतारा नाही. नामांकित शाळेजवळचा पत्ता दाखवायला रीतसर नोंदवलेले, पण कुणीच न राहणाऱ्या घरांचे करार केले जातात, आणि म्हणूनच शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) प्रवेशात 'करारातल्या पत्त्यावर पालक राहत नसल्याचे आढळल्यास प्रवेश रद्द' अशी अट घालावी लागली. पैसे असलेल्याला नोंदणीकृत खोटा कागद परवडतो. नसलेल्याला खराही परवडत नाही. तेव्हा सरसकट सगळ्यांना कागद मागण्यापेक्षा दहातला एखादा अर्ज चिठ्ठी टाकून निवडावा, घरी जाऊन पाहावे, खोटा निघाला तर रक्कम वसूल करावी आणि स्वयंघोषणापत्राच्या नमुन्यावर जी कारवाई छापलेली असते ती खरोखर करावी. यात आमची संघटना सोबत येईल. खोट्या अर्जाने जाणारा पैसा आमच्याच खऱ्या मुलांच्या वाट्याचा असतो.

सहावी मागणी शिक्षण संचालनालयाकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) खालच्या २५ टक्के जागांसाठी भाड्याने राहणाऱ्या पालकाला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, अर्जाच्या तारखेआधीचा आणि किमान ११ महिन्यांचा करार लागतो. कराराची मुदत डिसेंबरात संपली, मालक गावाला गेला म्हणून नवा करार अर्जाच्या तारखेनंतर झाला, एवढ्यावर चार वर्षे त्याच चाळीत राहणाऱ्या बाईच्या मुलाचा प्रवेश जाऊ शकतो. यासाठी आमचे म्हणणे सोपे आहे: जुना आणि नवा करार एकाच घराचा असेल तर मधले दिवस सलग वास्तव्य समजावे. ज्यांच्याकडे करारच नाही, त्यांच्यासाठी प्रवेश पडताळणी समितीने घर पाहून अहवाल द्यावा. ही समिती तशीही कागद तपासायला बसतेच.

शिधापत्रिकेबद्दल थोडक्यात. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे गावाकडच्या कार्डावर इथे धान्य उचलता येते, हे चांगले झाले. पण नवे लग्न झालेले, कुटुंबातून वेगळे झालेले, किंवा गावी कार्डच नसलेले यांना इथे कार्ड काढायचे तर पुन्हा तोच कागद. वर मागितलेले पुरावे तिथेही लागू करावेत.

सातवी मागणी नोंदणी विभागाकडे आणि ती लांब पल्ल्याची असली तरी मुळाशी जाणारी आहे. लोकांना करार करायला लावायचे असेल तर तो स्वस्त आणि सोपा करा. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत भाड्याच्या निवासी करारांना नोंदणी शुल्क १०० रुपये करावे. त्याच जागेत, त्याच माणसांमध्ये करार वाढवायचा असेल तर एका पानाची मुदतवाढ असावी आणि तिला नव्याने पूर्ण शुल्क नसावे. अकरा महिन्यांऐवजी ३६ महिन्यांचा करार करता येतो आणि तो एकूण स्वस्त पडतो, हे विभागानेच मराठीत फलक लावून सांगावे. हे एजंट कधीच सांगणार नाही. ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी ओळखपद्धत असावी. आणि जून-जुलैमध्ये, कॉलेजे सुरू होताना, मांजरीत महापालिकेच्या शाळेत रविवारी नोंदणीचे शिबिर घ्यावे. मालक रविवारीच घरी सापडतो. कलम २६ च्या पावतीचा नमुनाही तिथेच वाटावा. छापील पुस्तक हातात असले की पावती द्यायला मालक फारशी खळखळ करत नाही, हा आमचा अनुभव आहे.

महापालिकेकडे एक वेगळी मागणी आहे. भाडेकरूने योजनेसाठी दिलेले मालकाचे पत्र किंवा पावती मिळकतकराच्या सवलतीच्या तपासणीसाठी वापरली जाणार नाही, असे लेखी जाहीर करावे. मालकांनी कर बुडवावा असे आम्ही म्हणत नाही. ज्याने सवलत चुकीची घेतली त्याच्याकडून ती वसूल करायला महापालिकेकडे स्वतःची माणसे आहेत, त्यांनी ते खुशाल करावे. फक्त ते काम एका विद्यार्थ्याच्या अर्जातून होऊ नये. तसे झाले तर उद्यापासून मांजरीतला एकही मालक पोराला चिठ्ठी लिहून देणार नाही, आणि ज्याने दिली तो महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगेल.

नोकरदार सभासदांचे गाऱ्हाणे याच्या शेजारचे आहे. घरभाडे भत्त्यावरची प्राप्तिकराची सवलत घेताना भाडे वर्षाला एक लाखावर गेले की मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि मालक तो देत नाही. तो केंद्राचा विषय असल्याने इथे ताणत नाही. फक्त एक फरक नोंदवतो: पगारदाराला तिथे भाड्याच्या पावत्यांवर काम भागवता येते. पावती पगारदाराची चालते, तर वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या मुलाची का चालू नये?

या मागण्यांपैकी पहिल्या चारला नव्या कायद्याची गरज नाही, निधीची नाही, मंत्रिमंडळाच्या बैठकीचीही नाही. संबंधित विभागाचे परिपत्रक पुरते. विद्यार्थ्यांचे अर्ज सुरू होण्याआधी ते निघावे, कारण अर्ज बाद झाल्यावर निघालेल्या परिपत्रकाचा त्या वर्षीच्या मुलाला काही उपयोग होत नाही. पडताळणी, शिबिर आणि शुल्काच्या मागण्यांवर समाज कल्याण, शिक्षण, नोंदणी आणि महापालिका यांच्या अधिकाऱ्यांनी आमच्या प्रतिनिधींसोबत एकत्र बैठक घ्यावी. चार कार्यालयांत चार वेळा तेच सांगण्याची वेळ आमच्यावर आणू नये. १५ ऑगस्टपर्यंत बैठकीची तारीख कळली नाही तर आम्ही सभासदांचे त्रुटीत पडलेले अर्ज एकत्र करून, प्रत्येकासोबत भाड्याचा उतारा जोडून, समाज कल्याण आयुक्तालयात एकाच दिवशी दाखल करू आणि प्रत्येक अर्जाची स्वतंत्र पोच मागू.

सोबत: १) स्वयंघोषणापत्राचा सुचवलेला नमुना, २) सहनिवाशांच्या यादीचा नमुना, ३) भाडेपावतीचा नमुना, ४) सभासदांच्या सह्या. ज्या सभासदांनी मालकाच्या भीतीने सही न करता फक्त खोलीचा क्रमांक लिहिला आहे, त्यांची यादी वेगळी ठेवली असून ती बैठकीत दाखवू, देणार नाही.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी
भाडेकरूंची संघटना, मांजरी बुद्रुक, पुणे